नावं ‘नंतर बदलू’ म्हणणाऱ्या संशोधकांसाठी

संघर्षग्रस्त भागात संशोधनाला निघालेले विद्यार्थी दर सत्रात तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून ही उत्तरं एकदाच.

विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी आहे. पोलिसांनी मुलाखतींची वही मागितली तर मंजुरीचं पत्र दाखवावं का?

जरूर दाखवा. पण त्याने वहीची जप्ती टळणार नाही.

‘तुमचं नाव कुठे येणार नाही’ असं मी मुलाखतीआधी सांगते. प्रबंध लिहिताना नावं बदलेनच. एवढं पुरे ना?

अजिबात नाही. आपल्या साक्ष्य कायद्यात वकील आणि अशील, नवरा आणि बायको यांच्या बोलण्याला संरक्षण आहे. संशोधक आणि माहिती देणारा यांच्या बोलण्याला नाही. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 94खाली कागदच काय, फोनही मागवता येतो. ‘पत्रकारांसारखी आपल्यालाही सूट असते’ हे कुणी पसरवलं कोण जाणे! कोर्टात तशी कायदेशीर सूट पत्रकारांनाही नाही.

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ‘तुमच्या हयातीत उघडणार नाही’ या शब्दावर रेकॉर्ड केल्या. 2011मध्ये समन्स निघालं आणि कोर्टबाजीनंतर काही टेपा पोलिसांच्या हाती गेल्याच. शब्द देणारे प्रामाणिक होते, पण तो पाळणं त्यांच्या हातात नव्हतं.

तेव्हा नाव पहिल्या दिवसापासूनच वहीत नको. नाव गाळून ‘पाड्यावरची एकुलती एक नर्स, थोरला भाऊ तुरुंगात’ असं लिहिलंत, तर लपवलंत काय? हा तपशील ज्याला हवा त्याला तिचं घर सापडतं. आणि नोटीस आल्यावर जाग येऊन पानं फाडू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. जाण्याआधीच गाइडशी बोला, आणि फौजदारी वकिलाशीही. गाइडला कायदा कळतोच असं नाही.

मुलाखती उतरवून देणारं ‘शंभर टक्के सुरक्षित’ अ‍ॅप घ्यावं का?

आवाज कुणाच्या सर्व्हरवर जातो, किती दिवस राहतो, हे लेखी मागा. गोडगोड बोलून टाळलं, तर स्वतः बसून टाइप करा.

बंदी असलेल्या संघटनेची पत्रकं अभ्यासासाठी जवळ ठेवली तर?

नुसतं साहित्य जवळ असणं हा गुन्हा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2023मध्ये वर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना म्हटलं. त्या दोघांना अटक झाली होती 2018मध्ये. यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्यांविरोधी कायद्यात, जामीन किती अवघड, ते यावरून समजा. आपल्याकडे काय आहे ते वकिलाला आधी दाखवा; मित्राच्या सल्ल्यावर जाऊ नका.

लग्न ठरतंय. सासरी विषय सांगू का?

साखरपुड्याआधी सांगा. उद्या चौकशीला कुणी दारात आलं, तर त्यांना तेव्हाच कळायला नको. मात्र विषय सांगायचा, माणसं नाहीत. होणाऱ्या नवऱ्यालाही नाहीत. आणि घरात सगळे वापरतात त्या लॅपटॉपवर मुलाखती ठेवू नका. तो जप्त झाला तर दिराची परीक्षाही अडकेल.