रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी स्पोर्ट्स कारला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा एकत्र संच) बसवायचे आहेत. स्प्रिंग किती कडक घ्यावी, आणि एकाच सेटिंगवर दोन्हीकडे भागेल का?

प्रश्नात तुम्ही ‘गाडी निदान ४० मिमी तरी खाली आणायचीच आहे’ असं लिहिलंत, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून बसलो. मी ४५ आणली होती.

माझी गाडी छोटी टू-सीटर, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांत डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म). माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याकडेही तीच गाडी, तेच मॉडेल. ट्रॅक डेला आम्ही बरोबरच जायचो. दाजींचं मत तेव्हापासून एकच: “शिकलेली माणसं वर्षानुवर्षं डोकं लावतात तेव्हा कंपनीचं सस्पेन्शन तयार होतं. तू पाना घेऊन त्यांना शिकवणार?” माझं म्हणणं, ती माणसं सगळ्यांसाठी गाडी बनवतात. खड्ड्यातून जाणाऱ्यासाठी, डिकी भरून प्रवासाला निघणाऱ्यासाठी, टायरचा आवाज आयुष्यात कधी न ऐकलेल्यासाठी. माझ्यासाठी नव्हे.

हे म्हणणं मी आजही मागे घेत नाही. पण तेव्हा मी जे केलं तो शुद्ध गाढवपणा होता. मिळत होता त्यातला सगळ्यात कडक सेट उचलला, पुढे १२ किलो प्रति मिमी (म्हणजे स्प्रिंग १ मिमी दाबायला १२ किलो), मागे १०. मग उंची ठरवणारी कॉलर फिरवत फिरवत टायर आणि चाकावरची कमान यांच्यात एक बोट जेमतेम शिरेल इतकी गाडी बसवली. दिसत काय होती! उभी करून निघालो की तीनदा मागे वळून बघायचो.

कंपनीच्या सस्पेन्शनवर माझा त्या ट्रॅकवरचा चांगला लॅप १ मिनिट ५२ सेकंदांचा होता. नव्या सेटवर दिवसभर झटलो आणि ५४ च्या खाली काही आलो नाही. गंमत म्हणजे गाडीत बसून वाटत होतं की आपण भलतेच वेगात आहोत. गाडी झुकत नव्हती, स्टीअरिंगला हात लावला की तोंड वळत होतं, ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर दात वाजत होते. शरीराला हा सगळा वेगच वाटतो, घड्याळाला मात्र काही वाटत नाही.

दुपारी एका लांब डाव्या वळणावर, मध्यावर रस्ता जरा दबलेला आहे तिथे, मागचं उजवं चाक ‘ठक’ झालं आणि मागची बाजू सांगून-सवरून नाही, एकदम गेली. मी उलट्या दिशेला तोंड करून गवतात. तेवढ्यात दाजी आले, त्यांची गाडी होडीसारखी कललेली, आणि जाता जाता हात दाखवून गेले. खाली उतरल्यावर म्हणाले, “झुकत नाही हे खरं आहे रे. उडते.”

ते वाक्य घरातल्या प्रत्येक जेवणात मी ऐकलंय.

कारण शोधायला मला प्लॅस्टिकची एक झिप टाय पुरली. डॅम्परच्या, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या, चकचकीत दांड्यावर ती घट्ट आवळायची, खाली सरकवून डॅम्परच्या नळीला टेकवायची आणि चार लॅप मारायचे. चाक वर जाईल तशी नळी तिला ढकलत नेते आणि सर्वांत वरच्या जागी सोडते. माझ्या चारही टाय बम्प स्टॉपच्या, म्हणजे चाकाला आणखी वर जाऊ न देणाऱ्या, रबराला चिकटलेल्या सापडल्या. म्हणजे १२ किलोच्या स्प्रिंगसाठी पैसे मोजून मी गाडी चालवत होतो रबराच्या ठोकळ्यांवर. वळणात गाडी कलली की बाहेरचं चाक ठोकळ्याला टेकायचं, त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट व्हायचा, आणि आधीच लोडखाली असलेल्या टायरवर बोजा आदळून तो सुटायचा. पुढे झालं तर गाडी सरळ जाते, मागे झालं तर गवत.

गाडी खाली आणताना लोक गुरुत्वमध्याचं सांगतात, चाकाला वर जायला उरलेली जागा कोणी मोजत नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या (वरचा आर्म नाही, त्याचं काम डॅम्परच करतो अशा) गाडीत तर आणखी वाईट. खालचा आर्म चाकाकडे वर तिरपा झाला की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीपेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे उंची कमी करूनही कलायची ओढ वाढते. वर बम्प स्टीअर (चाक वर-खाली होताना आपोआप थोडं वळणं) वेगळाच.

आता स्प्रिंगचं. खोक्यावरचा आकडा स्प्रिंगचा असतो, चाकाचा नसतो. मोशन रेशोचा (चाक १ मिमी हललं तर स्प्रिंग किती मिमी दबते त्याचा) वर्ग करून त्याने गुणा. माझ्याकडे तो ०.७ च्या आसपास, म्हणजे ८ किलोची स्प्रिंग चाकापाशी ३.९ किलो भरते. स्ट्रटवर हाच रेशो ०.९५ धरा, तर तीच स्प्रिंग ७.२ किलो. तुम्ही गाडी कोणती ते लिहिलंच नाहीये, मग कोणी ‘८ घ्या’ म्हणालं तर त्याला अर्थ काय? एका कोपऱ्यावर २५० किलो वजन धरलं तर माझ्या गाडीत ४ च्या स्प्रिंगने फ्रीक्वेन्सी, म्हणजे गाडीचे सेकंदाला होणारे हेलकावे, साधारण १.४ हर्ट्झ येतात, ८ ने २ आणि १२ ने २.४. रस्त्यावरच्या साध्या गाड्या १ ते १.५ मध्ये असतात. २.४ हे गुळगुळीत ट्रॅकचं आणि चिकट टायरचं काम. रोज चालवायच्या गाडीला २ च्या वर जाऊ नका, १.७-१.८ असेल तर आणखी सुखाचं. मागची फ्रीक्वेन्सी पुढच्यापेक्षा जराशी जास्त ठेवली की उंचवट्यानंतर गाडी डुलत राहत नाही. सस्पेन्शन इंजिनिअर मॉरिस ऑलीने हे १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असतानाच मांडलंय, आजचं शहाणपण नाही. आणि ट्रॅक म्हणजे कडकच हवं असंही नाही, जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकचे २०.८ किलोमीटर कडक गाडीने काढून बघा, अर्ध्या वेळ चाकं हवेत असतील.

मी मात्र मागे जास्त हा नियम न पाळता पुढे ८ बसवल्या, मागे ६, आणि गाडी २५ मिमी परत वर उचलली. कमानीतलं ते बोटाचं अंतर गेलं, वाईट वाटलं. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरची कड आत) उणे २.५ अंश, मागे उणे १.८, टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) पुढे शून्य, मागे किंचित आत. पुढच्या वेळी त्याच ट्रॅकवर, त्याच टायरवर १ मिनिट ४९.

दाजी म्हणाले, “तेवढं तर नुसत्या अलाइनमेंटने मिळालं असतं.” खरं सांगतो, निम्मं मिळालंही असतं. पण कंपनीच्या सेटवर पुढे उणे १.२ च्या पुढे कॅम्बर जातच नव्हता. शिवाय गाडी जितकी कलते तितका बाहेरच्या टायरचा कॅम्बर हरवतो, आणि सहाव्या-सातव्या लॅपला त्यांचे जुने डॅम्पर तापून गाडी तरंगायला लागायची. याकडे ते सोयीस्कर दुर्लक्ष करतात. इंजिनिअर चुकले असं मी कधीच म्हटलं नव्हतं. त्यांना दिलेलं काम वेगळं होतं, एवढंच म्हणत होतो.

एकाच सेटिंगवर भागेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. जवळपास. रिबाउंड (दबलेला डॅम्पर परत उघडतानाचा विरोध) ट्रॅकवर दोन-तीन क्लिक वाढवा, घरी निघताना परत काढा. जास्त वाढवलंत तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाक खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू स्वतःच खाली बसत जाते. उंचीच्या कॉलरला मात्र दर वेळी हात लावू नका, अलाइनमेंट आणि कोपऱ्यांची वजनं (प्रत्येक चाकावरचा भार) दोन्ही बिघडतात. उणे २.५ कॅम्बरने टायर आतून संपतील ही भीती बरीचशी फुकट आहे. टायर खातो तो चुकीचा टो. अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून कलणं रोखणारा दांडा) घ्यायचाच असेल तर लहान उडी घ्या, भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चा २२ मिमी केला तरी ४६ टक्के.

हे आधी लिहायला हवं होतं: टायर आणि ब्रेक फ्लुइड अजून जुनंच असेल तर कॉइलओव्हरचा विचार पुढे ढकला. आणि माझे आकडे माझ्या वजनाच्या गाडीचे आहेत, तुमची दीड टनाची असेल तर जसेच्या तसे उचलू नका.

आणखी एक, कारण माझे दोन बुश (आर्मच्या टोकाचे रबरी जोड) यात फाटले. आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना शेवटचे आवळू नका. गाडी स्वतःच्या वजनावर, चालायच्या उंचीवर उभी करून आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं.

बाकी दाजींचं म्हणाल, तर मागच्या महिन्यात त्यांच्या गाडीच्या कमानीकडे सहज लक्ष गेलं. टायर आणि कमानीतलं अंतर माझ्या गाडीइतकंच. खाली वाकून बघितलं तर स्प्रिंगवर ८ चा आकडा. मी काही बोललो नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. बोल्ट कसे आवळलेत, एवढं मात्र विचारायचंय.