बोलेरोच्या मागच्या पाट्यांचे बुश घरी बदलताना

बोलेरोच्या मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकाच्या गोल डोळ्यांत बोल्टभोवती जी नळीसारखी गादी असते, ती म्हणजे बुश. रबराऐवजी पॉलियुरेथेन या चिवट प्लास्टिकचे बुश घरीच बसवायचे तुम्ही ठरवले असेल, तर सर्वांत आधी जागेचा विचार करा. यवतमाळ-वर्ध्याकडील आपली काळी माती उघडीप मिळाल्यावर वरून कोरडी दिसली, तरी वजन येताच जॅक आणि घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) तिच्यात एका अंगाने धसतात. म्हणून हे काम सिमेंटच्या ओट्यावरच करावे. पुढच्या चाकांना उटी (गाडी घसरू नये म्हणून अडसर) लावा, चासीखाली घोड्या आणि एक्सलखाली जॅक ठेवा, म्हणजे पाट्यावरचा ताण हवा तसा कमी-जास्त करता येतो. एका वेळी एकच बाजू उघडावी, अन्यथा एक्सल सरकतो आणि बोल्टची भोके जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

जुने रबर जाळून काढण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तो धूर विषारी असतो आणि जास्त तापल्यास पाट्याच्या पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा कडकपणा जातो, तेव्हा ती मुळीच अवलंबू नका. लांब आटेदार रॉड, जाड वायसर आणि मोठा सॉकेट यांनी बुश ओढून काढता येतो; बुशचे बाहेरचे लोखंडी कवच डोळ्यात अडकलेच, तर हॅकसॉचे पाते आत घालून त्याला चीर पाडा, मात्र पाट्याच्या डोळ्याला ओरखडा पडू देऊ नका.

नव्या बुशला सोबत आलेले ग्रीसच लावावे, नाहीतर करकर सुरू होते. बोल्ट शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच करा. पुढे कधी रबरी बुश घातले, तर हे अनिवार्यच आहे, कारण लटकत्या पाट्यावर आवळलेले रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.