परसबाग प्रश्नोत्तरे : गड्डा न धरणारा कोबी, म्हणजेच कोलार्ड

प्रश्न (कराड) : कोलार्डचं बी पाचव्या दिवशी छान उगवलं. आठवड्यात मात्र रोपं लांबट झाली आणि एकेक करत आडवी पडली. बी खराब होतं का?

बी चांगलं होतं, खराब असतं तर उगवलंच नसतं. लांबट झाली ती उन्हाअभावी. आडवी का पडली, ते एक रोप उपटून बघा. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि भिजल्यासारखा मऊ झाला असेल, तर ती रोपमर. ही बुरशी दाट पेरा आणि सततच्या ओलीत फोफावते. पडलेलं रोप वाचत नाही, त्यावर औषध मारत बसू नका.

नव्याने पेरताना ट्रेमध्ये अंगणातली काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की वर पापुद्रा येऊन कोंब अडतो. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत घ्या आणि त्यात पुडीवरच्या प्रमाणात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी, मिसळा. प्रत्येक कप्प्यात दोन बिया, जेमतेम एक सेंटीमीटर खोल. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे उन्हात न्यायचा. खिडकीतलं ऊन पुरत नाही. पाणी सकाळीच, तेही वरचा थर सुकल्यावर. दोन्ही बिया उगवल्या तर अशक्त रोप कात्रीने कापा, कारण उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

प्रश्न (मिरज) : पेरणी कधी आणि दोन रोपांत अंतर किती?

गणपती उठले की सुरुवात करा, नोव्हेंबरअखेरपर्यंत पेरता येतं. कोबीपेक्षा कोलार्ड ऊन जास्त सोसतं, पण एप्रिलमधलं पान राठ आणि कडसर लागतं. चवीचं पान थंडीतलंच.

चार-पाच आठवड्यांनी, चार-पाच पानांवर रोप आलं की संध्याकाळी लागण करा. अंतर दीड फूट. फूटभर पुरेल असं वाटतं खरं, पण पुढे पानं एकमेकांत शिरतात आणि आत मावा ही कीड लपते. भारी जमिनीत वीतभर उंच गादीवाफा करा. खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडीत लावायचं तर पंधरा लिटरच्या बादलीत एकच रोप.

पेरणीपासून दोन-अडीच महिन्यांत तोडणी सुरू होते. खालची, तळहाताएवढी झालेली पानं आधी तोडा, वरची पाच-सहा ठेवा. शेंडा खुडला तर सरळ वाढ तिथेच थांबते.

प्रश्न (वाई) : पानांना छिद्रं आहेत आणि मधल्या कोवळ्या पानांवर राखाडी थर आहे. एकच औषध चालेल का?

या दोन वेगळ्या किडी आहेत. पानावर खिडकीसारखे पारदर्शक डाग आणि मग छिद्रं, हे काम चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीचं. ही बारीक हिरवी अळी हात लागताच वळवळते आणि तंतूला लोंबकळते. तिच्यावर बीटी जिवाणूची पावडर चालते. राखाडी थर म्हणजे मावा. त्यावर बीटीचा काहीच परिणाम नाही. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरला 5 मिलि निंबोळी तेल फवारा. थोडं साबणाचं पाणी त्यात हवंच, कारण पान मेणचट असतं आणि थेंब घरंगळून जातो. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनेही.

पुढच्या वर्षी लागणीच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या कडेने मोहरीची एक ओळ टाका. पतंग तिच्यावर आधी उतरतात. पण मोहरीवरही फवारा, नाहीतर ती किडीचं आगरच होईल.

प्रश्न (सांगली) : घरचं बी धरता येईल?

आपल्याकडे अवघड. फुलावर यायला या झाडाला कित्येक आठवडे चांगली थंडी लागते आणि सांगलीचा हिवाळा तेवढा नसतो. फुलं आलीच तरी शेजारी फुलोऱ्यावर आलेला कोबी, फुलकोबी किंवा नवलकोल असेल तर संकर होतो. बी विकतच घ्या. उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं.