वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधील निकालपत्रात टक्के कुठे असतात?

इंग्लंडमधील शालेय परीक्षांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. स्कॉटलंडची परीक्षापद्धती पूर्णपणे वेगळी आहे, तर वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील श्रेणीही काही बाबतींत निराळ्या आहेत. त्यामुळे पुढील उत्तरे फक्त इंग्लंडला लागू आहेत, असे समजावे.

प्रश्न : माझ्या नातीचा जीसीएसईचा निकाल लागला. गणित ७, इतिहास ८, इंग्रजी भाषा ६, विज्ञान ६-५ अशा नोंदी आहेत. एकूण गुण नाहीत, टक्के नाहीत आणि वर्गही दिलेला नाही. नातेवाईक विचारतात तेव्हा किती टक्के म्हणून सांगावे? विज्ञानापुढे दोन आकडे कसे?

उत्तर : टक्के सांगूच नयेत, कारण ते या पद्धतीत नाहीत. जीसीएसई ही शाळेच्या अकराव्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे साधारण वयाच्या सोळाव्या वर्षी दिली जाणारी परीक्षा आहे. पूर्वीच्या ओ लेव्हल आणि सीएसई या दोन परीक्षांच्या जागी ती आली आणि १९८८ साली प्रथम घेतली गेली. तिच्यात प्रत्येक विषय हे स्वतंत्र प्रमाणपत्र असते. विद्यार्थी बहुधा आठ ते दहा विषय घेतात, पण त्यांची बेरीज कोणी करत नाही आणि एका विषयातील उणीव दुसऱ्या विषयातील गुणांनी भरूनही निघत नाही. नातीने आठ विषय घेतले असतील, तर तिच्या हाती आठ निकाल आले आहेत, असेच म्हणावे लागेल.

आकडी श्रेणी २०१७ पासून आल्या. प्रथम गणित, इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य यांना त्या लागू झाल्या आणि पुढील काही वर्षांत इतर विषयांनाही. ९ ही सर्वोच्च श्रेणी, १ ही सर्वांत खालची, आणि त्याहीखाली यू, म्हणजे श्रेणी नाही. जुन्या अक्षरी श्रेणींशी सांधा राहावा म्हणून ७ ची खालची कड जुन्या ए श्रेणीशी आणि ४ ची खालची कड जुन्या सी श्रेणीशी जुळवलेली आहे. ४ ला साधे उत्तीर्ण आणि ५ ला भक्कम उत्तीर्ण मानतात. हे दुहेरी मोजमाप पालकांना गोंधळात टाकते, आणि आमच्या मते ते टाळता आले असते. विद्यार्थ्याच्या व्यवहारात मात्र बहुतेक ठिकाणी ४ पुरेसे ठरते.

श्रेणीचे टक्क्यांत रूपांतर का होत नाही, याचे खरे कारण श्रेणी ठरवण्याच्या रीतीत आहे. कोणत्या श्रेणीला किती गुण लागतील हे परीक्षेपूर्वी ठरलेले नसते. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर परीक्षा मंडळे त्या वर्षीची प्रश्नपत्रिका किती कठीण होती, आधीच्या वर्षांचा दर्जा कोणता होता आणि ही तुकडी पूर्वीच्या तुकड्यांच्या तुलनेत कशी आहे, हे पाहून सीमारेषा आखतात. त्यांच्यावर ऑफक्वाल या नियामक संस्थेची देखरेख असते. पेपर अवघड गेला तर सीमारेषा खाली येते आणि सोपा गेला तर वर जाते.

गणिताचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. या विषयाच्या परीक्षेचे दोन स्तर आहेत. पायाभूत स्तरात जास्तीत जास्त ५ मिळू शकते, तर उच्च स्तरातील श्रेणी ४ ते ९ अशा असतात आणि ४ थोडक्यात हुकलेल्यास ३ देण्याची सोय असते. दोन्ही स्तरांवर ४ मिळवता येते आणि तिचे मूल्य सारखेच असते. पण उच्च स्तरावर ती सुमारे एकपंचमांश ते एकचतुर्थांश गुणांवर मिळून जाते, तर पायाभूत स्तरावर तिच्यासाठी निम्म्याहून बरेच अधिक गुण लागतात. टक्क्यांत पाहिले तर उच्च स्तरावर ४ मिळवणारे मूल पायाभूत स्तरावर ४ मिळवणाऱ्या मुलापेक्षा दुबळे दिसेल, आणि तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. नातीला गणितात ७ आहे, म्हणजे तिने उच्च स्तराचीच परीक्षा दिली, एवढे मात्र त्या एका आकड्यावरून निश्चित कळते.

विज्ञानापुढील दोन आकड्यांचा अर्थ असा, की तिने जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचा संयुक्त अभ्यासक्रम घेतला आहे. तो दोन जीसीएसईंच्या तोडीचा धरला जातो, म्हणून श्रेणीही दोन असतात. हे आकडे सारखे किंवा शेजारचेच असू शकतात. ६-५ असते, ६-४ कधीच नसते. त्यांतील एक जीवशास्त्राचा आणि दुसरा रसायनशास्त्राचा, असा मात्र अर्थ नाही. तिन्ही विज्ञाने सुटी घेणाऱ्यांना तीन स्वतंत्र श्रेणी मिळतात. एकूण पाहता नातीचा निकाल चांगला आहे, आणि नातेवाइकांना तो विषयवारच सांगावा.

प्रश्न : माझ्या यजमानांची बदली इंग्लंडला होत आहे. मुलाला नुकतेच चौदावे वर्ष संपून पंधरावे लागले आहे. तेथे मंडळ कोणते निवडावे आणि कोणत्या वर्गात प्रवेश घ्यावा?

उत्तर : मंडळाची निवड पालकांच्या हाती नसते, आणि एका अर्थी ती संपूर्ण शाळेचीही नसते. इंग्लंडमध्ये एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, ओसीआर आणि एडुकास अशी मंडळे आहेत, आणि शाळा प्रत्येक विषयासाठी वेगळे मंडळ घेऊ शकते. एकाच शाळेत गणित एका मंडळाचे आणि इतिहास दुसऱ्याचा, हे अगदी नेहमीचे आहे. कोणते मंडळ सोपे, ही चर्चा तेथेही चालते. पण दर्जा समान राहावा यासाठीच नियामक संस्था असल्याने तिच्यात वेळ घालवू नये.

वर्ग वयावरून ठरतो. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशी वर्षाची मोजणी असते, आणि ३१ ऑगस्टला चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल सप्टेंबरमध्ये शाळेच्या दहाव्या वर्षात जाते. आपल्यासाठी तारीख फार महत्त्वाची आहे, कारण जीसीएसईचा अभ्यासक्रम सामान्यतः दहावे आणि अकरावे अशी दोन वर्षे चालतो. शक्य असेल तर दहाव्या वर्षाच्या सुरुवातीलाच पोहोचावे. मध्येच जावे लागले तर गणित आणि विज्ञान सावरता येते. अडचण येते ती इतिहास आणि इंग्रजी साहित्यात. नव्या शाळेने निवडलेले कालखंड आणि साहित्यकृती वेगळ्या असतात, आणि साहित्याच्या परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही. शेक्सपिअरचे एक नाटक आणि एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी त्यात असतेच. शाळा ठरताच त्या कृतींची नावे मागवून घ्यावीत आणि निघण्यापूर्वीच वाचनाला सुरुवात करावी.

भाषा विषयांबाबत एक गोष्ट सांगून ठेवतो. पंजाबी, बंगाली, उर्दू आणि गुजराती या भाषा जीसीएसईला घेता येतात. मराठी घेता येत नाही.

प्रश्न : माझ्या भाचीला एका विद्यापीठाने ‘एएबी’ मिळाल्यास प्रवेश देऊ, असे कळवले आहे. तिची ए लेव्हलची परीक्षा अजून व्हायची आहे. परीक्षेआधी प्रवेश कसा?

उत्तर : तो सशर्त प्रवेश आहे. ए लेव्हल ही परीक्षा १९५१ पासून आहे. सोळा ते अठरा या वयात विद्यार्थी बहुधा तीनच विषय दोन वर्षे शिकतात आणि शेवटी त्यांची परीक्षा देतात. येथे श्रेणी अक्षरीच आहेत, ए-स्टार ते ई. त्यांपैकी ए-स्टार २०१० साली आली. तीनच विषयांमुळे अभ्यास खोल होतो, पण दारेही लवकर बंद होतात. सोळाव्या वर्षी रसायनशास्त्र सोडले, तर वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग जवळजवळ संपतो.

विद्यापीठांचे अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातात आणि एका विद्यार्थ्याला पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठीची मुदत १५ ऑक्टोबर असते. बाकी बहुतेकांची जानेवारीत. परीक्षा मात्र मे-जूनमध्ये होते. त्यामुळे अर्जात शाळेतील शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणी लिहिल्या जातात आणि विद्यापीठे त्यांच्या आधारे अट घालतात. या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा हाच, असे आमचे मत आहे. शिक्षकांचा अंदाज बहुतेक वेळा उदार असतो, आणि ज्याच्याबाबत तो कंजूष ठरतो त्या विद्यार्थ्याने मोठ्या विद्यापीठाकडे अर्जच केलेला नसतो.

अंदाजांवर विसंबण्याची मर्यादा २०२० साली उघड झाली. महामारीमुळे परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी एका संगणकीय सूत्राने जुळवून घेण्यात आल्या आणि त्यात शाळेच्या मागील निकालांना मोठे वजन दिले गेले. ए लेव्हलच्या सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. चांगला विद्यार्थी कमकुवत निकालाच्या शाळेत असेल, तर त्याला शाळेच्या इतिहासाची शिक्षा झाली. तीव्र विरोधानंतर १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली आणि शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या.

भाचीने आता दोन प्रस्ताव हाताशी ठेवावेत. एक पहिल्या पसंतीचा आणि दुसरा शक्यतो कमी श्रेणी मागणारा, म्हणजे राखीव. ऑगस्टमधील एका गुरुवारी निकाल लागतो. अट पूर्ण झाली की प्रवेश पक्का होतो. विद्यापीठाला मागे फिरता येत नाही. एखादी श्रेणी हुकली तरी विद्यापीठ आपल्या मर्जीने प्रवेश देऊ शकते आणि अनेकदा देतेही. दोन्ही प्रस्ताव गेले, तर क्लिअरिंग या प्रक्रियेतून रिकाम्या जागा मिळवता येतात. तेथे निकालाच्या सकाळी विद्यार्थ्याने स्वतः दूरध्वनी करणे अपेक्षित असते. मामाने केलेला चालत नाही.

प्रश्न : इंग्रजी किंवा गणितात ४ पेक्षा कमी श्रेणी मिळाली तर वर्ष वाया जाते का? आणि फेरतपासणी मागावी का?

उत्तर : वर्ष वाया जात नाही, कारण संपूर्ण परीक्षेत नापास होणे असा प्रकारच नाही. मात्र इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवणे बंधनकारक आहे, आणि या दोन विषयांत ४ न मिळालेल्यांना पुढील अभ्यासक्रमासोबत त्यांचाही अभ्यास करावा लागतो. श्रेणी ३ असेल, तर सामान्यतः जीसीएसईच पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये इंग्रजी भाषा आणि गणित यांची वेगळी परीक्षा असते. इतर विषयांसाठी पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते.

फेरतपासणीचा अर्ज शाळेमार्फत करावा लागतो. तिच्यात श्रेणी वाढू शकते तशी घटूही शकते, म्हणून विद्यार्थ्याची लेखी संमती घेतली जाते. गुण वरच्या सीमारेषेपासून एक-दोनच कमी असतील तरच ती मागावी, आणि त्याआधी शाळेकडून त्या विषयाचे मूळ गुण व त्या वर्षीच्या सीमारेषा मागून घ्याव्यात. ए लेव्हलच्या निकालावर विद्यापीठाची जागा अवलंबून असेल, तर तातडीची फेरतपासणी मागता येते. तिची मुदत फार थोडी असते, आणि अर्ज केल्याचे विद्यापीठाला त्याच दिवशी कळवावे.