सीडी ‘कोरायची’ की सीडीवर ‘लिहायचे’?

‘सीडी बर्न करणे’ याऐवजी ‘सीडी कोरणे’ असे लिहावे का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते लिहू नये, कारण ज्या सीडीविषयी आपण हे बोलतो तिच्यावर काहीही कोरले जात नाही.

कोरण्याशी थोडेफार नाते आहे ते कारखान्यात तयार होणाऱ्या सीडीचे, आणि तेही दूरचे. काचेच्या तबकडीवरील प्रकाशसंवेदी थरावर लेसरने खुणा उमटवून त्यांवरून निकेलचा साचा घडवतात. वितळलेले पॉलिकार्बोनेट (एक पारदर्शक प्लॅस्टिक) त्या साच्यावर दाबले की जेमतेम अर्धा मायक्रोमीटर रुंदीचे असंख्य खळगे, आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या एकाच सर्पिल वाटेवर, एका दमात उमटतात. मग त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढतो. अशा सीडीला ‘ठसवलेली’ म्हणणेच नेमके ठरेल.

घरी वापरायच्या, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये माहितीचे असे खळगे नसतातच. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरने तापवलेल्या जागी त्याचे रूप कायमचे बदलून तेथून प्रकाश कमी परततो. पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये मिश्रधातूचा थर असून तो तापवण्याच्या प्रमाणानुसार स्फटिकरूप किंवा अस्फटिकरूप होतो, म्हणूनच तेथील मजकूर पुसताही येतो.

वाचणाऱ्या 780 नॅनोमीटरच्या लेसरला या फरकाशी कर्तव्य नाही; परतणारा प्रकाश कोठे बदलतो, एवढेच यंत्र पाहते. येथे एक प्रचलित समजही दुरुस्त करायला हवा: खळगा म्हणजे 0 आणि सपाट जागा म्हणजे 1, असे नसते. खळग्याची कड, म्हणजे जेथे बदल घडतो ती जागा, 1 मानली जाते आणि दोन कडांमधील अंतरावरून मधली शून्ये मोजली जातात.

‘जाळणे’ हे भाषांतर तर टाळावेच. मराठीत जाळलेली वस्तू उरत नाही. उलट ‘कोरी सीडी’ हा प्रयोग आपल्याकडे केव्हाच रुळला आहे, आणि मराठीत कोऱ्यावर लिहितात. म्हणून ‘सीडीवर लिहिणे’ हाच प्रयोग मी सुचवेन. बोलताना ‘बर्न करणे’ चालेल. लेखनात मात्र कारखान्याच्या प्रतीसाठी ‘ठसवणे’ आणि घरच्या प्रतीसाठी ‘लिहिणे’ असा भेद पाळावा.