छापील नक्षी साडीवर उतरवताना

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात इंग्रज वास्तुकार ओवेन जोन्स यांच्या ‘ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ या नक्षींच्या ग्रंथाची जुनी प्रत सापडली. त्यातील भारतीय नक्षीचा एक पट्टा मुलीच्या रेशमी साडीच्या काठालगत भरावा, असे मनात आहे. पानावर बटर पेपर ठेवून सुईने टोचून खाका (रेषांवर भोके पाडलेला नक्षीचा कागद) काढला तर चालेल का? आणि छापील नक्षी जशीच्या तशी भरता येते का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : त्या पानांवर सुई मुळीच चालवू नका, ही पहिली विनंती. युरोपात १५२० च्या दशकापासून भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तके छापली जाऊ लागली; परंतु वापरणारे पानेच टोचून त्यांवरून कोळशाची पूड कापडावर उतरवत, त्यामुळे त्या पुस्तकांच्या फार थोड्या प्रती आज शिल्लक आहेत. आपला ग्रंथ प्रथम १८५६ मध्ये लंडनला १०० रंगीत चित्रपानांसह निघाला, आणि त्यातील रंग छपाईच्या निरनिराळ्या दगडी शिळांवरून एकावर एक छापलेले आहेत. प्रत मूळ आवृत्तीची असो वा नंतरची, पानाचे छायाचित्र घ्यावे, हव्या त्या आकारात छापून घ्यावे आणि खाका त्या छापावरून काढावा. जोन्स १८७४ मध्ये निवर्तले, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण उरलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. या ग्रंथातील भारतीय नक्षींपैकी काही १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलेल्या आपल्याकडच्या भरजरी व विणलेल्या कापडांवरूनच उतरवलेल्या आहेत. म्हणजे मुळात जे टाक्यांत होते, ते कागदावर सपाट रंग होऊन आले. टाक्याची दिशा बदलली की रेशमाची चमक बदलते, आणि ती दिशा छपाईत दिसत नाही. म्हणून प्रत्येक पाकळीत टाका कोणत्या बाजूने जाणार, हे आधी खाक्यावर पेन्सिलीने रेखून घ्यावे. कडेबाबत मात्र जोन्स यांचा नियम भरतकामालाही तंतोतंत लागू पडतो : सोनेरी भूमीवरील (नक्षीमागच्या रंगावरील) रंगीत नक्षीला गडद कड द्यावी आणि विरोधी रंगाच्या भूमीवरील नक्षीला फिकट. ही कड एकेरी धाग्याने, दांडी टाक्यात, म्हणजे एकमेकांना लागून जाणाऱ्या तिरक्या टाक्यांत भरावी.

निवडलेला पट्टा सरळ रेषांचा असेल, तर खाक्याची गरजच नाही. आपल्या भागात इरकली लुगड्यांवर दिसणारी कसुती ही भरतकामाची पद्धत कापडाचे धागे मोजूनच भरतात. धावदोरा घालत जाऊन त्याच रेषेने परत आले की दोन्ही बाजू सारख्या दिसतात. नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवावी आणि रेशमाचे धागे मोजण्याइतके मोठे नसतील, तर वर जाळीचे कापड टाचून काम करावे व शेवटी त्याचे धागे ओढून काढावेत.

आवर्तनाचा हिशेब आधी करावा. नक्षी १० सेंमी लांबीची धरली, तर साडेपाच मीटरच्या साडीला ती ५५ वेळा भरावी लागेल; एकीला दोन तास लागले तरी ११० तास होतात. मी तुमच्या जागी असते, तर सलग पट्टा फक्त पदराला ठेवला असता आणि काठालगत त्यातलेच एक फूल अंतराअंतराने भरले असते.

वळणदार नक्षीचा खाका रॉकेलात कालवलेल्या निळीने किंवा पांढऱ्या पुडीने कापडावर उठवतात. रेशमावर डाग राहण्याचा धोका असल्याने आधी निऱ्यांच्या आतल्या टोकाला थोडेसे उठवून, दिवसभर थांबून पाहावे.