दादर नेमकं कुठलं?

प्रश्न : आमच्या एआय एजंटला (टूल वापरून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) लोकलचं वेळापत्रक देणारं टूल जोडलंय. 'दादर' म्हटलं की तो कधी पश्चिम, कधी मध्य रेल्वेच्या गाड्या सांगतो. असं का? – एक वाचक, परळ

उत्तर : एजंटला टूलमागचा तुमचा प्रोग्रॅम दिसत नाही; टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला कोणती माहिती द्यायची ते) एवढंच दिसतं. 'स्टेशन : स्ट्रिंग' (म्हणजे कुठलाही मजकूर चालेल) एवढंच लिहून थांबलात तर तो अंदाजच बांधणार. नावाऐवजी स्टेशनचा कोड मागा: पश्चिमेचं दादर डीडीआर, मध्यचं डीआर. वेळेचा नमुनाही द्या, '१८:०५' असा. मार्ग कळला नाही तर प्रवाशाला विचारावं, हे वर्णनातच हवं. सगळ्यात दुर्लक्षित असतो तो एररचा मजकूर. नुसतं 'चूक झाली' आलं तर एजंट तीच विनंती पुन्हा पाठवू शकतो. 'दादर दोन आहेत. डीडीआर किंवा डीआर द्या' असं लिहा.